पाणीच उतरंना

शहागडचा गोदावरीवरचा पूल माझ्या भाच्यानं माइनक्राफ्टमध्ये बांधला. तीन आठवडे लागले. राखाडी दगडाचे खांब, वर काळा रस्ता, कडेला कठडे, अलीकडे फाट्यावरची हॉटेलं आणि पुलाच्या मधोमध एक लाल एसटी, तीही ठोकळ्यांचीच. फोन माझ्या हातात देत तो म्हणाला, "मामा, समदं झालं, पर पाणीच उतरंना."

मला आधी कळलं नाही. मग नीट पाहिलं. नदी काठोकाठ, निळीशार. खेळातला दिवस वीस मिनिटांत संपतो, रात्र होते, पुन्हा उजाडतं, नदी तश्शीच. आमच्याकडं अशी गोदावरी दिसते ती वर पैठणला नाथसागराचे दरवाजे उघडले की, तेवढे काही दिवस. एरवी पुलावरून खाली पाहावं तर वाळू, तिच्यातून जाणारी पाण्याची एखादी धार आणि वाळूच्या गाड्यांच्या चाकोऱ्या. आपल्याकडची पोरं गेली काही वर्षं जे मॅप बनवतात आणि एकमेकांना वाटतात, त्यांच्याबद्दलचं माझं सगळं गाऱ्हाणं भाच्याच्या त्या एका वाक्यात आलं.

ज्यांच्या घरात असं पोर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माइनक्राफ्ट हा स्वीडनमधल्या मोजांगचा खेळ. २००९ साली तो पहिल्यांदा लोकांपुढे आला, २०११ला पूर्ण झाला. त्यात जिंकणं-हरणं दुय्यम. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, आणि सहा कोटी ठोकळे लांब, तितकंच रुंद असं मैदान. खोदा, रचा, मोडा. कुणीतरी महिनोन्‌महिने खपून त्यात एखादं गाव, किल्ला, भूलभुलैया उभा करतो आणि ते अख्खं जग एका फाइलीत बांधून दुसऱ्याला देतो. तो मॅप. समोरचा ती फाइल उघडतो आणि पहिल्याच्या गावात फिरायला लागतो.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्या-साताऱ्याकडे दिवाळीत घरोघरी किल्ला होतो, तो दुसरं काय असतो? दगडविटांवर माती लिंपायची, अळीव नाहीतर मोहरी पेरायची, सिंहासनावर महाराज बसवायचे आणि गल्लीनं बघायला यायचं. पण एक फरक आहे, आणि तो लहान नाही. मातीच्या किल्ल्यावर चौथ्या दिवशी हिरवळ येते, पाणी घालायला विसरलं की ती पिवळी पडते, बुरुजाला भेग जाते, तुळशीच्या लग्नापर्यंत सगळं ढासळतं. ठोकळ्यांचा किल्ला एकदा झाला की झाला. त्याच्या हजार प्रती निघतील, पण त्यातल्या एकीवरही गवत सुकणार नाही.

किल्ल्यांपासूनच सुरुवात करू, कारण मराठी पोरांचा हात आधी तिकडे वळतो. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून उत्साह आणखी वाढलाय. मी पाहिलेले बहुतेक किल्ले बाहेरून देखणे आहेत. महादरवाजा, जरीपटका, तोफा सगळं जागेवर. आत गेलं की मात्र रिकामं. पाण्याचं टाकं नाही, धान्याचं कोठार नाही, शौचकूप तर नाहीच. टाक्यांवाचून किल्ला आठ दिवस लढला नसता, हे बांधणाऱ्याला माहीत नसतं असं नाही. फोटोत टाकं दिसत नाही, एवढंच.

यादीत नसलेला, पण या खेळासाठीच कोरल्यासारखा वाटावा असा किल्ला आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे: देवगिरी. २०२१च्या अखेरीस या खेळातल्या जगाची उंची ३८४ ठोकळे झाली. १६४६ मीटरचं कळसूबाई समुद्रसपाटीपासून मोजून त्यात कोंबता येणार नाही. देवगिरीची टेकडी सपाटीवरून साधारण दोनशे मीटर वर येते. ती मापात माप, मीटरला ठोकळा अशी बसते. आणि त्या टेकडीतली अंधारी! खेळात उजेडाला शून्य ते पंधरा असे आकडे आहेत आणि भुतं-राक्षस शून्य उजेडातच जन्माला येतात. शत्रूला अंधारात चकवण्यासाठी खोदलेली वाट आणि अंधारावर चालणारा खेळ यांची अशी गाठ पुन्हा पडायची नाही. देवगिरी बांधणारा अंधारीच्या तोंडाशी मशाली लावून मोकळा होत असेल, तर त्याला किल्ला कळलेला नाही आणि खेळही नाही.

आता गाड्या. खेड्यातल्या पोराच्या हातात माइनक्राफ्टपेक्षा बस सिम्युलेटर इंडोनेशिया असण्याची शक्यता जास्त. मालेओ या इंडोनेशियन कंपनीनं तो २०१७मध्ये काढला, फुकट आहे, साध्या फोनवर चालतो आणि गाडीचा रंग आपला आपण चढवू देतो. या रंगकामात आपली पोरं उस्ताद झालीत. लालपरी, हिरकणी, शिवशाही, पाटीवरचं अक्षर, मागच्या काचेवरची देवाची कृपा, चिखलाचे शिंतोडे, काही म्हणता काही सुटत नाही. मी हे थट्टेनं लिहीत नाही. एसटीच्या रंगाचा इतका बारीक अभ्यास आमच्या चित्रकारांनीही केला नसेल. पण गाडी आपली आणि रस्ता जकार्ता-सुरबायाचा! पाटीवर बीड आणि बाहेर नारळीची झाडं. नशीब तिकडेही डावीकडूनच चालतात. या खेळासाठी घाटाचे, भारतीय रस्त्यांचे मॅपही कुणी कुणी बनवतं, पण ते खेळाच्या फाइलींत घुसवावे लागतात आणि खेळ अपडेट झाला की बंद पडतात. मग पोरं पुन्हा रंगाकडे वळतात. गाडी म्हणजे वस्तू, ती सजवता येते. जागा सजवून भागत नाही, ती उभी करावी लागते.

वाटपाचीही गंमतच. यूट्यूबवर व्हिडिओ, खाली लिंक, लिंकमध्ये कुलूपबंद फाइल आणि पासवर्ड व्हिडिओत कुठंतरी लपवलेला, म्हणजे बघणारा शेवटपर्यंत बघेल. दुसरा तीच फाइल उतरवतो, कुलूप काढतो, आपलं नाव चिकटवतो, नवं कुलूप लावतो. मूळ कारागीर कोण हे चौथ्या हाताला कळत नाही. माइनक्राफ्ट विकत घ्यावा लागतो म्हणून पुष्कळ पोरं लोकीक्राफ्ट, क्राफ्ट्समन असल्या फुकट नकलांवर खेळतात. तिथं बांधलेलं बहुधा त्या फोनातच राहतं. भाच्याची पहिली वाडी अशीच गेली. फोन दुरुस्तीला दिला, दुकानदारानं विचारलंही नाही, सगळं पुसून कोरा फोन परत दिला. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. त्याच्या आईला वाटलं, परीक्षेचं टेन्शन आहे.

जगात दुसऱ्या टोकाला सरकारंही मॅप बनवतात. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेनं २०१३ला आपला देश ठोकळ्यांत काढला. डेन्मार्कनं २०१४ला अख्खा देश एकास एक मापात मांडला. तर काही खेळाडूंनी सुरुंग लावून त्याचा थोडा भाग उडवला आणि वर अमेरिकेचे झेंडे रोवले. आता अर्निस नावाचं फुकट साधन ओपनस्ट्रीटमॅपवरून कुठलंही गाव बनवून देतं. शहागड द्या, शहागड येतं: पूर्वीचा २११ आणि आताचा ५२ क्रमांकाचा महामार्ग, नदीचा पट्टा. गावातल्या ज्या गल्ल्या कुणी नकाशात भरल्या नाहीत त्या येत नाहीत. उंचीची जी मोफत माहिती अशा कामात सर्रास वापरतात तिच्यात तीस मीटरला एक नोंद असते, त्यात जुन्या गढीचा उंचवटा काय उरणार? आणि नदी? तीही काठोकाठ निळी. यंत्राचीही भाच्यासारखीच अडचण, फक्त यंत्राला ती खुपत नाही.

मला वाटतं, चांगला मॅप जागेचं रूप दाखवत नाही, वागणं दाखवतो. २०११चा स्कायब्लॉक हा या कलेतला अजूनही सर्वांत शहाणा मॅप. आकाशात मातीचा एक तुकडा, एक झाड, किरकोळ सामान. यावर जगून दाखवा. त्यात बघण्यासारखं काहीच नाही आणि लोक वर्षानुवर्षं खेळतायत. टंचाईवर इतका सुंदर मॅप स्वीडनच्या खेळात झाला आणि मराठवाड्यानं तो केला नाही, याची मला लाज वाटते. माइनक्राफ्टमध्ये मध्ये एका ठोकळ्याची जागा सोडून पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या की झरा तयार होतो आणि कितीही उपसा, आटत नाही. २०१६ला रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, त्या मुलखातल्या पोराला हा नियम विनोदी वाटायला हवा. २०२२च्या अखेरीपासून संगणकावरच्या आवृत्तीत तो बंदही करता येतो. एक ओळ टाइप करायची, की पाणी ओताल तेवढंच. कुणी ती टाइप करून मॅप केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

नदीच्या वागण्याचा धडा तर दारात आहे. पलीकडे गेवराई तालुक्यात राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ला ऐन पावसाळ्यात निजामअली फौजेचा एक भाग घेऊन गोदावरी उतरून गेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला, आणि पेशव्यांनी त्याला तिथं गाठलं. विठ्ठल सुंदर पडला. मालक पलीकडून काही करू शकला नाही, कारण मध्ये पाणी होतं. या लढाईचा मॅप करायचा तर तलवारी-घोडे नंतर. आधी चढती नदी करावी लागेल.

भाच्याला मी हे सगळं ऐकवलं. त्यानं ऐकल्यासारखं केलं. पुढच्या खेपेला गेलो तर त्याच्या फोनात दोन मॅप होते, एकाचं नाव 'पाणी सुटलं', दुसऱ्याचं 'उन्हाळा'. 'उन्हाळा' त्यानं गेवराईच्या मित्राला व्हॉट्सॲपवर धाडला होता. मित्रानं पलीकडच्या काठावर राक्षसभुवनचं शनीचं देऊळ बांधून तो परत पाठवला. देऊळ पुलाला जरा जास्तच खेटून आलंय, पण असो.

"पाणी कसं काढलंस?" मी विचारलं.

त्यानं करून दाखवलं. खेळात बाकीचे बहुतेक ठोकळे हवेत तरंगतात, वाळू मात्र खाली पडते. तो पुलावर उभा राहून नदीत वाळू सोडत गेला. ठोकळा पडला की तेवढं पाणी नाहीसं. थेट तळापासून वरपर्यंत, रांगेमागून रांग.

"लई वाळू लागली मामा," तो म्हणाला. "आन्‌ मग परत उपसावी लागली."

वरचे थर काढून झाले होते. खांबांपाशी त्यानं थोडी वाळू ठेवली होती आणि तिच्यात दोन आडव्या रेघा खणल्या होत्या. चाकोऱ्या.