जाहिरातीचें गद्य आणि मराठीचा तास

दहावीच्या ‘कुमारभारती’च्या उपयोजित लेखनांत जाहिरात-लेखन हा एक प्रकार आहे. शब्द थोडे असावेत, रचना आकर्षक असावी, ग्राहकाचें मन वेधलें जावें, असे त्याचे संकेत. संकेत बरे आहेत. परंतु शिक्षण एकांगी आहे. जाहिरात लिहावी कशी हें मुलांस सांगितलें जातें. ती वाचावी कशी हें सांगण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. म्हणून कवितेंतील अतिशयोक्ति अचूक ओळखणारा विद्यार्थी भिंतीवरील अतिशयोक्तीस मात्र सहज भुलतो.

पिंपरी-चिंचवड व चाकण या टापूंत या उणिवेची किंमत रोख मोजावी लागते. 1954 सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढें कारखाने वाढत गेले, आणि नोकरीसाठीं येणाऱ्या तरुणांचा ओघ आजही चालू आहे. ‘त्वरित भरती’, ‘पगार 25,000 पर्यंत’, ‘नोकरीची हमी’ अशीं पत्रकें त्यांच्याचसाठीं खांबांवर डकविलेलीं असतात. मी तीं वर्गांत नेतों. साहित्याच्या तासास हा विटाळ कशाला, असें एक सहकारी विचारतात. त्यांस माझें उत्तर असें कीं, हें काम आपल्या नैयायिकांनीं पूर्वींच आरंभिलेलें आहे.

न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार आहेत: वाक्छल, सामान्यछल आणि उपचारछल. ‘नवकंबल’ म्हणजे नवी कांबळी पांघरलेला. त्याचा अर्थ नऊ कांबळीवाला असा करणें, हें वाक्छलाचें प्रसिद्ध उदाहरण. तेथें छल ऐकणारा करतो, जाहिरातींत लिहिणारा करतो, एवढा भेद ध्यानांत ठेवावा. ‘25,000 पर्यंत’ यांतील ‘पर्यंत’ हें शब्दयोगी अव्यय पाहा. उमेदवार आंकडा वाचतो, देणारा अव्ययावर बोट ठेवतो. हातीं 12,000 टेकविले तरी वाक्य खोटें ठरत नाहीं! व्याकरण निरुपयोगी म्हणणाऱ्यांनीं हें एक अव्यय तरी पाहावें.

शिकवणी-वर्गांच्या फलकांवर सामान्यछल नांदतो. एका गुणवंताचें छायाचित्र छापावयाचें, आणि त्यास साधलें तें सर्वांस साधेल असें सुचवावयाचें. त्यानें तेथें पूर्ण अभ्यासक्रम घेतला कीं केवळ मुलाखतीची तयारी केली? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें नोव्हेंबर 2024 मध्यें काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनीं हें उघड करणें वर्गांस भाग पाडलें आहे. ‘निसर्गाच्या कुशींत’ वसणाऱ्या गृहसंकुलांविषयीं, म्हणजे उपचारछलाविषयीं, अधिक लिहावयास नको. कूस कोठें आहे हें खरेदीदारानें पायीं जाऊन पाहावें.

सर्वांत अवघड भाग न लिहिलेल्याचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर लपविणें हेंही दिशाभूल ठरविलें आहे. पण मौन वाचावें कसें? याकरितां मी मुलांस कारखान्याची शिकाऊ उमेदवारांची साधी सूचना शेजारीं ठेवून वाचावयास लावतों. ती नीरस असते: पात्रता, विद्यावेतन, मुदत, पत्ता. मग चकचकीत पत्रकांत यांतील काय गळलें, आणि ‘नोंदणीशुल्क’ तेवढें कसें आलें, हें मुलेंच सांगतात. या तुलनेचा दुसरा लाभ असा कीं, सारेंच खोटें म्हणण्याची संवय जडत नाहीं. तसा संशयखोर मुलगा खऱ्या सूचनेसही मुकतो.

परीक्षेंत जाहिरात लिहावयास सांगतात, तें राहूं द्यावें. तिच्याच खालीं एक छापील जाहिरात देऊन, तींत काय सांगावयाचें राहिलें आहे, हा प्रश्न तितक्याच गुणांस विचारावा.