डीव्हीडीचे समीक्षक

मराठी माणूस पुस्तकावर मत द्यायला जरा बिचकतो. नाटकावर देतो, पण मध्यंतरात बटाटावडा खाता खाता, म्हणजे अर्धं नाटक बघून. शेजाऱ्याने घरात एखादं यंत्र आणलं, की मात्र त्याच्यातला समीक्षक खडबडून जागा होतो. 2008 साली आमच्या घरी साडेअठराशे रुपयांचा डीव्हीडी प्लेअर आला, तेव्हा खोकं अजून दारात होतं आणि पहिला अभिप्राय येऊन थडकला. समोरच्या काकांनी विचारलं, "कितीला पडला?" आम्ही आकडा सांगितला. काका म्हणाले, "हं."

या 'हं'ची मी पुढे पुष्कळ उकल करून पाहिली. त्यात 'फसलात' आहे, 'आम्हाला विचारायचं होतं' आहे, आणि 'संध्याकाळी काय लावताय?' हेही आहे. इतका आशय एका अक्षरात बसवणारा समीक्षक आमच्या वाङ्मयात दुसरा नसावा.

आमचं माहुल तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. चेंबूरला उतरून वाशी नाक्यावरून आत वळायचं. एकीकडे कोळीवाडा आणि खाडी, दुसरीकडे तेल शुद्ध करणारे दोन मोठे कारखाने. हिवाळ्यात खाडीवर फ्लेमिंगो उतरतात. त्यांचा अभिप्राय अनुकूल असावा, नाहीतर दरसाल कशाला आले असते? तर अशा या गावात त्या दोन-तीन वर्षांत घरोघरी डीव्हीडी प्लेअर आले. डीव्हीडी जपानात बाजारात आली 1996 च्या नोव्हेंबरात, पण ती आमच्या गल्लीपर्यंत खऱ्या अर्थाने पोचली 2007 मध्ये. त्या वर्षी मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकायला काढली. चौतीस रुपयांत अख्खा सिनेमा, आणि तोही रीतसर! चौघांनी थिएटरात जायचं तर आमची रिक्षाच तेवढे घ्यायची.

मग अभिप्रायांचा पूर आला. मी ते आवडीने गोळा केले. त्यातला सर्वाधिक खपाचा म्हणजे 'पैशाच्या मानाने ठीक आहे.' हे वाक्य स्तुतीचं की निंदेचं, हे ठरवायला एक परिसंवाद भरवावा लागेल. माझ्या मते ते वस्तूबद्दल नसतंच. बोलणाऱ्याच्या पाकिटाबद्दल असतं. ज्याने स्वतः त्याच किमतीचा घेतलाय तो 'पैशाच्या मानाने' हे शब्द भरभर उरकतो आणि 'ठीक' वर रेंगाळतो. ज्याने नऊ हजारांचा घेतलाय तो बरोबर उलट करतो.

दुसरा लाडका अभिप्राय 'पिक्चर क्लिअर नाही.' आता डिस्क कुठली? मनीष मार्केटच्या बाहेरून आणलेली. थिएटरात मांडीवर कॅमेरा ठेवून कुणीतरी उतरवलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर गंभीरपणे सांगितलं, "तुमच्या प्लेअरमध्ये ना, मधेच माणसं उठून जातात हो. आमच्या भावाकडच्यात नाही जात." यंत्राची अशी बदनामी मी आजवर ऐकली नव्हती. पण मराठी समीक्षेला हे नवं नाही. लेखकाचा दोष प्रकाशकावर आणि दोघांचाही वाचकावर घालायची तिला सवय आहेच.

रिमोटवर पन्नासेक बटणं. त्यात 'अँगल' नावाचं एक. ते दाबलं की पडद्यावर हाताचा पंजा यायचा आणि बटण चालणार नाही म्हणून बजावायचा. निराळ्या कोनातून चित्रण केलेली डिस्क असेल तरच ते बटण चालतं, आणि तशी डिस्क माहुलात कुणी पाहिली नव्हती. तरी "फीचर भरपूर दिलेत" असं म्हणताना लोक त्याचा मुद्दाम उल्लेख करत.

खरी परीक्षा झाली ती नऊ हजारवाल्या काकांच्या घरी. पुतण्याने अमेरिकेहून सिनेमे पाठवले. काकांचं नामांकित यंत्र ते घेईना. सिनेमावाल्या कंपन्यांनी जगाचे सहा भाग पाडलेले. अमेरिका पहिल्यात, आपण रशियाबरोबर पाचव्यात. पहिल्या भागाची डिस्क पाचव्या भागाच्या यंत्रात चालायची नाही, असा दंडक. महागडं यंत्र तो पाळत होतं. आमचं साडेअठराशेचं दंडकबिंडक न मानणारं. ओरखडे पडलेली, घरी भरलेली, गाण्यांची, कसलीही डिस्क द्या, घास चावून गिळायचं. काका अख्खा महिना रोज आमच्याकडे बसून सिनेमे बघत होते. शेवटच्या दिवशी म्हणाले, "आवाज जरा पातळ आहे."

वर्षभरात यंत्र 'नो डिस्क' म्हणायला लागलं. वाशी नाक्यावरच्या मेकॅनिकने झाकण उघडलं, कान कोरायच्या काडीला स्पिरिट लावलं आणि भिंगावरून फिरवलं. काडी काळी. आत लाल किरण असतो, तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही जवळजवळ असलेल्या रेघा वाचतो. त्यावर एवढी पुटं चढल्यावर तो बिचारा काय वाचणार? मेकॅनिक म्हणाला, "मशीन चांगलं आहे साहेब. हवा खराब आहे." गोळा केलेल्या सगळ्या अभिप्रायांत मला हाच पटला. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही म्हटलं, की माहुल-आंबापाड्याच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. मेकॅनिक सात वर्षं पुढे होता. भिंग त्याने पन्नास रुपयांत पुसून दिलं. छातीत फिरवायची काडी मात्र त्याच्याकडे नव्हती.

हे सगळं पुराण आता काढायचं कारण आमची मासळीवाली मावशी. तिच्या मुलीचं लग्न 2006 चं. फोटोवाल्याने तीन डीव्हीडी करून दिल्या, दुसरीवर हळद. कोळीवाड्यातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आणि त्या हळदीत मावशीचा नवरा डोक्यावर तांब्या ठेवून नाचलाय. पुढे दोन वर्षांत तो गेला. घरी भरलेल्या डिस्कवर चित्र एका रंगाच्या थरात जाळून उमटवलेलं असतं. तो रंग वर्षांगणिक विटत जातो. मावशीच्या घरी नवा टीव्ही आला, त्याला पिवळी-लाल-पांढरी वायर जोडायला भोकंच नाहीत. मुलाने ऑफिसातून डिस्का पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या. पहिली आली, तिसरी आली. हळदीची डिस्क तिथल्या कॉम्प्युटरने ओळखच दाखवली नाही.

ती आमच्या साडेअठराशेवाल्यात चालते. सुरुवातीला खरखरतं, दोनदा अडखळतं, मग चालू होतं. त्याच्यासाठी जुना डबा टीव्ही मी अजून ठेवलाय. त्यावर घरच्यांचे अभिप्राय इथे देत नाही. मावशी मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून येते, जमिनीवर बसते, नाच संपला की उठते. मी एकदा सवयीप्रमाणे विचारलं, "मावशी, मशीन कसं वाटतं?"

"बाकीचा मना काय कलत नाय, दादा," ती म्हणाली. "आमचा म्हातारा नाचताना मधीच थांबत नाय, तो मशीन चांगला."

पिक्चर क्लिअर आहे का, म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की शिळ्या बोंबलाचा भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती तसं पाहते. मग पाटी उचलून डोक्यावर घेतली, आणि जिन्यात वळून एवढंच विचारलं, "भंगारात नाय ना घालनार?"