ऐतिहासिक पत्रांतील नांवें व सरनामे : एका नव्या यादीचें परीक्षण

मोडी दप्तरांच्या संगणकीय याद्या करण्याचें काम अलीकडे ठिकठिकाणीं चाललें आहे. कागद दिवसेंदिवस जीर्ण होत असतां ही खटपट स्तुत्यच म्हटली पाहिजे. अशीच एका खासगी संग्रहाची यादी प्रस्तुत लेखकास नुकतीच पाहावयास मिळाली. प्रकाशचित्रें स्वच्छ, रुमालांचे क्रमांक बिनचूक. परंतु माणसांचीं नांवें व पत्ते यांची जी व्यवस्था तींत लाविली आहे ती पाहून, यादी नसती तर बरें, असें क्षणभर वाटलें. संग्रहाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष त्या एका संग्रहाचा नसून पद्धतीचा आहे.

यादींत प्रत्येक मनुष्यास तीन रकाने आहेत : नांव, बापाचें नांव, आडनांव. पैकीं तिसरा रिकामा सोडतां येत नाहीं. आतां, अठराव्या शतकांतील पत्रांत आडनांव बहुधा नसतेंच. खुद्द पेशव्यांच्या शिक्क्यांत ‘बाळाजी बाजीराव’ एवढेंच येतें. ‘भट’ त्यांत नाहीं. रकाना भरलाच पाहिजे म्हणून यादीकारांनीं शेवटचा शब्द आडनांव ठरविला. परिणाम असा कीं, बाजीराव बल्लाळ, हरि बल्लाळ व गोविंद बल्लाळ हे तिघे ‘बल्लाळ’ नांवाच्या एका घराण्यांत जमा झाले ! येथें बल्लाळ म्हणजे बाळाजीचा पुत्र, याहून अधिक अर्थ नाहीं. पहिले भट, दुसरे फडके, तिसरे खेर. अंताजी माणकेश्वर हे गंधे. त्यांचेंही असेंच ‘माणकेश्वर’ घराणें झालें आहे.

खेरांची गोष्ट अधिक गंभीर आहे. बुंदेलखंडाच्या मामलतीमुळें त्यांस लोक गोविंदपंत बुंदेले म्हणूनच ओळखतात. यादींत ‘बुंदेले, गोविंदपंत’ व ‘बल्लाळ, गोविंद’ असे दोन निरनिराळे पुरुष उभे आहेत, आणि एकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध दाखविलेला नाहीं. पानिपतच्या मोहिमेंत पैसा व रसद पुरविण्याचा भार या गृहस्थांवर होता. डिसेंबर १७६० मध्यें ते शत्रूच्या छाप्यांत मारले गेले. त्यांनीं कामांत कसूर केली कीं नाहीं, हा वाद जुना आहे. उद्यां एखादा अभ्यासक ‘बुंदेले’ हा शब्द घालून शोध करील, त्यास अर्धींच पत्रें दिसतील, आणि त्या अर्ध्यांवर तो मेलेल्या माणसाचा निकाल लावील.

टोपणनांवांची वाट याहून बिकट. ‘भाऊ’ म्हणजे १७६० च्या पत्रांत बहुधा सदाशिवराव, १७९५ च्या खर्ड्याच्या पत्रांत बहुधा परशुरामभाऊ पटवर्धन. हें ठरविण्यास पत्राचा मायना पाहावा लागतो. तोच या यादींत ‘सन्मानदर्शक उपपदें’ म्हणून गाळला आहे. कित्येक छापील खंडांतही मायन्याच्या जागीं ठिपकेच असतात, तेव्हां नव्या लोकांसच बोल लावणें न्याय्य नव्हे. पण मायना ही नुसती शिष्टाचाराची आरास नव्हे. तीर्थरूप, चिरंजीव, साष्टांग नमस्कार, आशीर्वाद या शब्दांनीं लिहिणारा व घेणारा यांतील वडीलधाकुटेपण ठरतें. स्त्रियांच्या बाबतींत तर कधीं कधीं सालही ठरतें : एकाच बाईचा उल्लेख एका पत्रांत सौभाग्यवती व दुसऱ्यांत गंगाभागीरथी असा असला, तर दोहोंच्या दरम्यान तिचा नवरा वारला. जेथें चंद्र व महिना आहे पण साल नाहीं, तेथें एवढा आधार लाखमोलाचा होय.

पत्त्यांकडे वळूं. १७३७ ते १७३९ च्या पत्रांत ‘साष्टी’ वारंवार येते. साष्ट्या दोन आहेत : एक ठाण्याकडची, दुसरी गोमंतकांतील मडगांवची, आणि मराठी फौजा त्या तीन वर्षांत दोन्हींकडे लढल्या. साष्टींत मुलूख घेतला, एवढाच मजकूर असल्यास कोणती साष्टी हें पत्र कोठून निघालें व कोणास गेलें यावरूनच कळणार. यादीकारांनीं सरसकट सगळी साष्टी मुंबईजवळ नेऊन बसविली आहे.

एकोणिसाव्या शतकांतील टपालाच्या पत्रांवर ‘पेठ शनवार, अमक्यांचे वाड्यांत’ असा सरनामा असतो. त्याचें यादींत ‘शनिवार पेठ, पुणें ४११०३०’ झालें ! हे सहा अंक १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाले. त्यांची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर स्वतः संस्कृत कवि होते. त्यांसही ही करामत पाहून हंसूं आलें असतें. अंक आले आणि वाडा गेला, कारण वाड्यास रकाना नव्हता. वास्तविक कोण कोणाच्या वाड्यांत राहत होता हें समजलें म्हणजे आश्रयाचे, नात्याचे, सावकारीचे अनेक धागे उलगडतात.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, नांव कागदावर जसें आहे तसें, मायन्यासह, एका रकान्यांत अखंड लिहावें; हा पुरुष अमुक, असें जें ठरवावयाचें तें निराळ्या रकान्यांत, ठरविणाराच्या सहीनें. सरनामाही अक्षरशः उतरावा. त्यानंतर संगणकानें शोधण्यासाठीं वाटेल तितके पर्याय जोडावे.

संग्राहक मित्रांसही एक विनंती आहे. १८५४ नंतरच्या पाकिटांवरील तिकिटें कापून घेण्याची हौस पुष्कळांस असते. तिकिटाबरोबर टपालाचा शिक्का जातो, शिक्क्याबरोबर तारीख जाते, आणि पाठीमागें दुसऱ्या गांवच्या शिक्क्याचा अर्धा भागही कापला जातो. असें भोंक पडलेलें पाकीट घेऊन बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर अनेकदां आला आहे.

जुन्या पत्रांच्या पाठीवरच सरनामा आणि पत्र पावल्याचा शेरा असतो. वरील यादींत पाठींचीं चित्रें आढळलीं नाहींत, म्हणून आम्हीं पत्र लिहून विचारलें. कोऱ्या बाजूंचीं चित्रें घेण्याची पद्धत नाहीं, असें उत्तर आलें. मूळ रुमाल मालकांकडे परत गेले आहेत, आणि त्यांचा वाडा नव्या इमारतीसाठीं पाडण्याचें काम सुरू झालें आहे.