तोत्तोचानच्या फळ्यावरची यादी

माझ्या मावसबहिणीने गेल्या जूनमध्ये मुलाला शाळेतून काढलं. तो तिसरी संपवून चौथीत जाणार होता. रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं, रविवारी मात्र कधीच नाही. आता तो घरीच शिकतो. आणि ताई मला दर आठवड्याला फोन करून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारते: "तू शिक्षणावर पीएचडी करतेयस ना, मग सांग, मी चूक तर नाही केली?"

तिला धीर देणाऱ्यांनी आत्तापर्यंत दोन गोष्टी दिल्या आहेत. एक, 'तोत्तोचान' हे पुस्तक. दोन, व्हॉट्सॅपवर फिरणारा एक आकडा: घरी शिकणारी मुलं 80 पर्सेंटाइलवर असतात, शाळेतली 50 वर. तुम्हीही मुलाला घरी शिकवत असाल किंवा तसा विचार करत असाल, तर या दोन्ही गोष्टी तुमच्यापर्यंत आल्या असणारच. मला दोन्हींबद्दल तक्रार आहे. आकड्याबद्दल जास्त, पुस्तकाबद्दल नाही. पुस्तक ज्या पद्धतीने वाचलं जातं तिच्याबद्दल.

आधी आकडा. असे आकडे शोधत मागे गेलं की बऱ्याचदा आपण लॉरेन्स रडनर यांच्या 1999 च्या अमेरिकन अभ्यासापाशी पोचतो. अभ्यास लहान नव्हता: 11,930 कुटुंबं, 20,760 मुलं. बहुतेक इयत्तांमध्ये मधल्या मुलाचे गुण 70 ते 80 पर्सेंटाइलच्या दरम्यान निघाले. सीईटीच्या कृपेने पर्सेंटाइल म्हणजे काय हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तेव्हा ते समजावत बसत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की तो 50 कुणी शाळांमध्ये जाऊन वेगळा मोजलेला नाही. सगळ्या मुलांच्या रांगेतला मधला माणूस म्हणजेच 50. त्यामुळे खरा प्रश्न असा की या 20,760 जणांना रांगेत कुणी उभं केलं?

ती स्वतःहून आलेली कुटुंबं होती. एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या चाचणी-सेवेकडून पैसे भरून मुलांची परीक्षा घेणारी. बहुतांश गोरी, आईवडील दोघंही एकत्र राहणारी, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त शिकलेली आणि जास्त कमावणारी, आई बहुधा पूर्ण वेळ घरी. अभ्यासाला पैसा होमस्कूलिंगच्या कायदेशीर हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा. अशा घरांतली मुलं शाळेत गेली असती तरी बहुधा पुढेच असती. म्हणजे आपल्या सोसायटीतल्या जिमवाल्यांची तब्येत मोजायची आणि म्हणायचं, बघा, जिमच्या कार्डाने माणूस निरोगी होतो.

यात रडनरवर राग काढू नका. होमस्कूलिंग शाळेपेक्षा श्रेष्ठ आहे असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही, हे त्यांनी स्वतः त्याच लेखात स्पष्ट लिहिलंय. फॉरवर्ड करताना तेवढा भाग गळतो. आणि याचा अर्थ 'घरी शिकणारी मुलं मागे पडतात' असाही होत नाही, हे मी ताईला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. त्या आकड्यातून तिच्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

आता 'तोत्तोचान'. शाळेला कंटाळलेल्या प्रत्येक पालकाच्या हातात हे पुस्तक पडतं, आणि पडावंच. पण गंमत बघा, पुस्तक आहे एका शाळेबद्दल! पहिलीतच एका शाळेने काढून टाकलेली मुलगी दुसऱ्या शाळेत जाते आणि फुलते. घरी बसून नव्हे. आपल्याला त्यातले आगगाडीचे डबे आठवतात, तिचं चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी आठवतात, डब्यातलं 'थोडं डोंगरातलं, थोडं समुद्रातलं' आठवतं. आणि आपण निष्कर्ष काढतो: मुलाला मोकळं सोडा, तो शिकेल.

पण त्याच पुस्तकात एक फळा आहे, तो मात्र कुणाला आठवत नाही. तोमोए शाळेत सकाळी बाई दिवसभराच्या सगळ्या विषयांची कामं फळ्यावर लिहून काढत आणि मुलांना सांगत, यातलं हवं त्यापासून सुरू करा. कुणी निबंधाला बसे, कुणी मागे प्रयोग मांडे. क्रम मुलांचा, यादी बाईंची. दिवसाची कामं पुरी करावी लागत, आणि सगळ्यांची सकाळीच आटोपली तर दुपारी फिरायला जायला मिळे. शिवाय कोण काय आधी उचलतं आणि काय शेवटपर्यंत टाळतं, यावरून शिक्षकांना प्रत्येक मूल कळत जाई. मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी पान हेच. आपण ते गोड म्हणून वाचतो आणि विसरतो.

मी फळ्यावर एवढा जोर का देतेय? कारण संशोधनात जो थोडाफार विश्वासार्ह धागा सापडतो, तो इथेच येऊन मिळतो. 2011 मध्ये सँड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांचा कॅनडातला एक अभ्यास आला. 5 ते 10 वयाची 37 मुलं घरी शिकणारी, 37 शाळेत जाणारी. त्यांनी घरी शिकणाऱ्यांचे दोन गट वेगळे केले: ज्यांच्या घरी ठरलेला अभ्यास होता अशी 25, आणि ज्यांच्याकडे मुद्दाम काहीच ठरवलेलं नव्हतं अशी 12. पहिला गट शाळेतल्या मुलांच्या पुढे निघाला. दुसरा तिघांत सगळ्यात मागे.

12 मुलं म्हणजे काहीच नाही, हे मला दिसतंय. एवढ्याशा संख्येवर मी माझ्या प्रबंधात एक वाक्यसुद्धा ठामपणे लिहू शकणार नाही, माझे गाईड लाल पेन घेऊन बसलेच आहेत. शिवाय 'काहीच ठरवायचं नाही' म्हणणारे पालक चाचणीतल्या गुणांसाठी शिकवतच नसतात. त्यांना त्या फुटपट्टीने मोजणं थोडं अन्यायाचंही आहे. तरीही 20,760 मुलांच्या अभ्यासापेक्षा हा 74 मुलांचा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. तो 'घर की शाळा' विचारून थांबत नाही. घरात नेमकं काय चालतं, हे विचारतो.

दुसरा धागा गणिताचा. रॉबर्ट कुंझमन आणि मिल्टन गेदर यांनी 2013 मध्ये होमस्कूलिंगवरचं उपलब्ध संशोधन एकत्र वाचून आढावा घेतला. त्यांना दिसलं ते असं: घरी शिकणाऱ्या मुलांची भाषा, वाचन थोडं वरचढ, गणित थोडं कच्चं. मला यात नवल वाटलं नाही. पुस्तकं असलेल्या, गप्पा मारणाऱ्या घरात वाचन आपोआप होतं. अपूर्णांक आपोआप होत नाहीत. भाकरीचे चार तुकडे करून पाव समजतो, हे खरं, पण तीन-अष्टमांश अधिक पाच-षष्ठांश कुणाच्या ताटात येत नाही. त्यात पालकांनाच गणिताची धास्ती असेल तर ते हळूच उद्यावर जातं. मग परवावर.

म्हणून गणित रोज, अर्धा तास का होईना, आणि ते तुम्हाला जमत नसेल तर शेजारच्या काकांना, कॉलेजातल्या भाच्याला, कुणालाही धरा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. ती पानोपान शिकवली पाहिजेत असं नाही, पण आपण कुठे आहोत हे बघायला ती चांगली फुटपट्टी आहे. दर तीन महिन्यांनी एकदा मागचे सरावसंच सोडवायला द्या, गुण न देता.

आणि रात्री झोप उडवणारी भीती, परत जायचं झालं तर? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात घरच्या शिक्षणाची वेगळी तरतूद नाही. मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानलंय, म्हणजे घरी शिकवणारे थोडे धूसर जागेत उभे आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच कायद्याचं चौथं कलम सांगतं की शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा, आणि बरोबरीला येण्यासाठी खास प्रशिक्षणही. परतीची वाट बंद झालेली नाही. शाळेत परत जायचं नसेल तर एनआयओएसची मुक्त मूलभूत शिक्षणाची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची परीक्षा आहे, आणि पुढे 14 वर्षं पूर्ण झाली की दहावी.

हे सगळं ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे फळा आणायचा?" तिने आणला नाही. कपाटाच्या दाराला जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवली आणि त्यावर रोज पाच कामं लिहायला लागली. भाचा आधी परिसर अभ्यास करतो, मग मराठी, मग चित्र, मग इंग्रजी. अपूर्णांक रोज शेवटी. गेल्या आठवड्यात फोनवर त्यानेच सांगितलं, "मावशी, आज सगळं दोनच्या आत झालं, आम्ही टेकडीवर चाललोय." मागून ताईचा आवाज येत होता, पाण्याची बाटली घे म्हणून.