कर्णाचे अर्घ्य

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'विषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. १९४० साली लेखकाचा जन्म आजऱ्याचा, त्यामुळे इकडे या कादंबरीचे कौतुक घरच्या लेकाच्या कौतुकासारखे होते. कर्णावरचा अन्याय आणि त्याचे दान यांवरच बहुतेकांचा भर असतो. १९६७ साली निघालेल्या या ग्रंथात मला मात्र कर्णाची उपासना अधिक मोलाची वाटते.

कर्ण रोज पाण्यात उभा राहून सूर्याला ओंजळीने अर्घ्य देतो. मागत काही नाही. आपण सूर्याचे पुत्र आहोत हे त्याला ठाऊक नाही. जगाने त्याला 'सूतपुत्र' एवढेच नाव दिले आहे. द्रोण राजपुत्रांच्या पंक्तीला बसवीत नाहीत, तेव्हा तो सूर्यालाच गुरू मानतो. ही नुसती कल्पनाच! परंतु तिच्या बळावर कालचा अपमान घेऊन पाण्यात उतरलेला हा तरुण ताठ मानेने काठावर येतो. कादंबरी सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे. त्यांत कर्ण स्वतः बोलतो तेव्हा हे पहाटेचे उजळणे फार चांगले साधले आहे. भाषा जागोजाग उपमांनी ओथंबते खरी, पण सूर्यासमोर तेवढे चालायचेच.

आपण नवस बोलणारी माणसे. परीक्षेच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या पोरांची भक्ती कशी वाढते, ते मी दर वर्षी पाहतो! म्हणून मूळ महाभारतातले दोन प्रसंग मुद्दाम आठवावेत. वनपर्वात सूर्य स्वप्नात येऊन बजावतो की, कवचकुंडले देऊ नकोस. कर्ण देतो. पुढे उद्योगपर्वात कुंती गंगाकाठी येते, त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. पाठ तापेपर्यंत त्याचा जप चालू असतो. म्हणजे कवच गेल्यावरही उपासना सुटलेली नाही. मग सूर्यही सांगतो, आईचे ऐक. कर्ण ऐकत नाही. दुर्योधनाला दिलेला शब्द मोडत नाही. ज्याला रोज अर्घ्य द्यायचे, त्यालाच दोनदा नकार! अशी प्रार्थना माझ्या वाचनात दुसरी नाही.

तरीही एक गोष्ट मला बोचते. हाच उपासक द्यूतसभेत द्रौपदीविषयी अत्यंत हीन बोलला. पहाटेचे तेज संध्याकाळपर्यंत टिकले नाही म्हणावे, की त्या तेजानेच त्याला दुसऱ्याचे दुःख दिसेनासे केले? सावंतांनी त्या बोलण्यामागे दुखावलेल्या मनाची कारणे उभी केली आहेत. कर्णावर त्यांची माया आहे. शेजारच्या चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी १९७३ साली 'राधेय' लिहिली, तीही मायेनेच. मला हवी होती ती द्यूताच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. त्या दिवशी ओंजळीत पाणी घेताना कर्णाचा हात थांबला असेल की नाही, यावर लेखकाने चार पाने तरी खर्च करायची होती.