‘तू वाच’ आणि ‘वाचू देऊ नका’

कादंबरी वाचून झाली की वाचणारा तिच्याविषयी दोन तऱ्हांनी बोलतो. एक तऱ्हा अशी : ‘मला रात्रभर खाली ठेवता आली नाही, तू वाच.’ दुसरी अशी : ‘मला काही झाले नाही, पण हे पोराबाळांच्या हाती पडले तर?’ पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः हजर असतो. तो आपली आवड उघडी करतो, आणि ऐकणाऱ्याला ती कादंबरी रटाळ वाटली तर आपल्या शब्दाची किंमत उतरेल, हे त्याला ठाऊक असते. दुसऱ्या वाक्यात बोलणारा बाजूला उभा असतो. तो बोलतो ते कुणा तिसऱ्याच्या वतीने. आणि तो तिसरा सहसा वयाने लहान असतो, बाई असते किंवा कमी शिकलेला असतो.

पहिल्या तऱ्हेला शिफारस म्हणू, दुसरीला निवाडा. मराठी कादंबरीवरची जुनी चर्चा चाळताना वारंवार दिसते ते हे की, निवाडे छापले गेले म्हणून टिकले आणि शिफारशी तोंडी होत्या म्हणून विरल्या. परिणामी कादंबरीच्या वाचकाचे जे चित्र आज आपल्यापुढे आहे, ते बरेचसे त्याची काळजी वाहणाऱ्यांनी काढलेले आहे. ते किती खरे आहे, हे मुख्यतः पुण्याशी संबंधित काही प्रकरणांच्या आधारे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

काळजीवाहू मंडळी

पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने सार्वजनिक ग्रंथालय निघाले ते १८४८ साली. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ आले. म्हणजे पुस्तके घरी नेऊन वाचण्याची सोय आधी झाली आणि मराठी कादंबरी मागून आली. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ निघाली.

‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी दिलेले कारण प्रसिद्ध आहे. आपल्या लोकांच्या लग्नाच्या चालीरीती आणि एकंदर राहणी अशी आहे की, रोजच्या आयुष्यावर लिहिले तर त्यात गोडी वाटणार नाही. म्हणून अद्भुताकडे जावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. वाचकाला काय रुचेल हे लेखकाने येथे परस्पर ठरवून टाकले आहे. चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या अद्भुताचीच झडती घेतली. ‘नावल’ हा शब्दही अजून मराठीत पुरता रुळलेला नव्हता, तेवढ्यात त्याच्या बऱ्यावाईटाचा हिशेब सुरू झाला होता. पुढे १९०२ साली वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात मराठी कादंबरीला युरोपीय कादंबरीच्या शेजारी उभे करून तिची उंची मोजली.

हे तिन्ही लेखक मोठे आहेत आणि त्यांचे प्रश्न खोटे नाहीत. मात्र तिघांच्याही लेखनात वाचक हे एक गृहीतक आहे. त्याला हे रुचेल, त्याने ते वाचावे, त्याच्यावर अमुक परिणाम होईल, असे त्याच्याविषयी बोलले जाते. तो स्वतः बोलत नाही.

काशीबाई आणि हरिभाऊ

याच काळात पुण्यात दुसरेही काही चालले होते. काशीबाई कानिटकर १८६१ मध्ये जन्मल्या, म्हणजे ‘मुक्तामाले’च्या वयाच्या. शाळेचे तोंड न पाहता त्या घरी शिकल्या. पती गोविंदराव वाङ्मयाचे शौकीन. त्यांच्या घरी तरुण हरि नारायण आपट्यांचे येणेजाणे सुरू झाले. हरिभाऊ काशीबाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान. दोघांत वाचलेल्या आणि लिहीत असलेल्या मजकुराविषयी बोलणे होई, पत्रे जात-येत. त्या काळी विवाहित स्त्रीने परपुरुषाशी वाङ्मयावर पत्रव्यवहार करणे ही सोपी गोष्ट नव्हती. हरिभाऊ आपल्या लेखनावर काशीबाईंचे मत विचारत. काशीबाई तेव्हा स्वतःही ‘रंगराव’ लिहीत होत्या. ती आधी मासिकातून आणि १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आली. म्हणजे मताची देवघेव दोन्ही बाजूंनी होती.

हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. बायकांच्या अंतर्गृहातले बारकावे हरिभाऊंना काशीबाईंसारख्या स्त्रियांच्या सहवासातून उमगले, असे अभ्यासकांनी म्हटले आहे. या कादंबरीचे सगळे श्रेय काशीबाईंना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या कादंबरीत यमू स्वतः बोलते. ‘अशा बायकांचे काय होते’ हे कुणी दुसरा सांगत नाही. ‘माझे असे झाले’ हे ती सांगते. निवाडा देणारे ज्या तिसरीच्या वतीने बोलत होते, तीच येथे पहिल्या पुरुषात बोलू लागली. शिफारशीचे व्याकरण कादंबरीच्या निवेदनात उतरले, असे मला म्हणावेसे वाटते. लिहिणाऱ्याला ऐकून घेण्याची सवय असल्याशिवाय हे होत नाही; आणि ती सवय, काही अंशी तरी, मत विचारण्यातून लागते.

क्रमशः छापण्याचाही यात वाटा आहे. कादंबरी हप्त्याने येते तेव्हा तिच्यावरचे मतही हप्त्याने तयार होते. पुढे काय होईल, तिने असे करायला नको होते, तो असा का वागला, ही चर्चा गोष्ट संपण्याआधीच सुरू होते. घरात वाचता येणारा एक आणि ऐकणारे चार असतील, तर मत देणाऱ्यांत निरक्षरही आले. त्यांचे काहीच आपल्या हाती नाही.

हरिभाऊंच्या निधनानंतर (१९१९) काशीबाईंनी त्यांची पत्रे प्रसिद्ध केली. पुस्तकाचे नाव ‘हरिभाऊंची पत्रे’. नाव त्यांचे, जपणारी ती.

एका दिवाळी अंकाचा खटला

निवाड्याची परिसीमा पाहायची तर दिवाळी अंकाकडेच यावे लागते. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ आली. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा विषय. एका वाचकाला ती अश्लील वाटली आणि त्याने पुण्यात दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद केली. खालच्या न्यायालयात आरोपी सुटले. उच्च न्यायालयाने लेखकाला आणि मुद्रक-प्रकाशकाला दोषी ठरवून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष ठरले.

दंडाची रक्कम किरकोळ होती. प्रश्न किरकोळ नव्हता. अश्लीलतेच्या कलम २९२ चा अर्थ लावताना आपली न्यायालये तेव्हा इंग्लंडातल्या ‘हिक्लिन’ खटल्याची कसोटी वापरत. ती कसोटी १८६८ ची, म्हणजे ‘मंजुघोषे’च्याच सालची. ज्यांची मने बिघडण्यासारखी आहेत अशांच्या हाती हे पडले तर ती बिघडतील काय, असा तिचा रोख. ज्याने वाचले त्याला काय वाटले, हे विचारण्याची तिला गरजच पडत नाही. ‘पोराबाळांच्या हाती पडले तर?’ या घरगुती वाक्याला कायद्याची वस्त्रे चढवली की ही कसोटी तयार होते.

सर्वोच्च न्यायालयाने कसोटी टाकून दिली नाही, पण तिची धार कमी केली. सभ्यतेची मापे देशादेशांत आणि काळाकाळात बदलतात, हे मान्य केले. आणि केवळ स्त्रीपुरुषसंबंधाचा उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील ठरवायचे तर धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकता येणार नाही, अशा आशयाचे मत नोंदवले. हा निकाल आज कायद्याच्या पुस्तकांत आहे. फिर्याद करणाऱ्या वाचकाचे म्हणणेही त्यात आहे. मात्र त्याच काळात काकोडकरांच्या कादंबऱ्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात जात होत्या. ‘ही नेऊन बघ’ म्हणून ती दुसऱ्याच्या हाती देणारे हजारो वाचक होते. त्यांना कुणी साक्षीला बोलावले नाही आणि ते आपणहून आलेही नसते. आवडते म्हणून वाचायचे आणि आवडते असे म्हणायचे नाही, इतका निवाड्याचा वचक होता.

पत्रांतून शिफारस

शिफारशीचा लेखी पुरावा क्वचितच सापडतो; सुनीताबाई देशपांडे आणि जी. ए. कुलकर्णी यांचा पत्रव्यवहार हा त्यातला सर्वांत समृद्ध. जी. ए. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, माणसांत फारसे न मिसळणारे. पुस्तके हा दोघांतला पूल होता. या पत्रांत पुस्तकाविषयीचे मत कधी सुटे येत नाही. त्याच्या मागेपुढे आजारपण, एकटेपणा, विनोद, रुसवा असे काहीतरी असते. एखादे पुस्तक का आवडले हे सांगताना लिहिणाऱ्याला स्वतःविषयी काहीतरी कबूल करावे लागते. वाचनाची गोडी लागलेल्या कोणालाही हे पटेल : पुस्तक सुचवणे म्हणजे थोडी ओळख देणे.

जी. एं.ची सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे ‘निवडक पत्रां’च्या पहिल्या खंडात १९९५ मध्ये आली. सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली ती २००३ मध्ये. संवादाची एक बाजू आधी आणि दुसरी आठ वर्षांनी. हरिभाऊंच्या वेळी जे झाले तेच येथे झाले : नामवंत कथाकाराचा आवाज आधी छापला गेला, त्याचे वाचन करणारी मागाहून.

शिफारशीची मर्यादा

एवढे म्हटल्यावर शिफारशीचा दोषही सांगायला हवा. ती ओळखीच्या वाटेने जाते. काशीबाई आणि हरिभाऊ एकाच सुशिक्षित ब्राह्मण वर्तुळातले होते. पुस्तक या वाड्यातून त्या वाड्यात जाई. पेठ ओलांडून पूर्वेकडच्या वस्तीत जाईलच असे नव्हते, आणि तिकडचे इकडे येणे त्याहून अवघड. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या निमंत्रणाला जोतीराव फुल्यांनी पत्राने नकार दिला. जे आम्हाला माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा भाव होता. ते पत्र वाचकाच्या बाजूनेही वाचता येते. कोणी कुणाला काय वाचायला सुचवावे, हे कोण कुणाच्या घरी जाऊ शकतो यावर ठरते, हे फुल्यांनी ओळखले होते.

निवाडा निदान चव्हाट्यावर असतो. त्याला उत्तर देता येते, त्यावर अपील करता येते. काकोडकरांनी ते केले. ज्या कादंबरीची कुणी शिफारसच केली नाही, तिला अपील कुठे करणार? म्हणून शिफारशीचे गोडवे गाणे हा या लेखाचा हेतू नाही. तिची नोंद व्हावी, म्हणजे ती कुठपर्यंत गेली आणि कुठे अडली हे कळेल, एवढेच म्हणणे आहे.

ती नोंद अजून थोडी शिल्लक आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानंतर शासनमान्य वाचनालयांचे जाळे उभे राहिले. त्यांतल्या जुन्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते. पुस्तक किती हातांतून आणि किती घाईने गेले, हे त्यावर दिसते. समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे असतात : ‘जरूर वाचा’, ‘शेवट पटला नाही’, ‘वेळ फुकट गेला’. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात उत्तर असते, कधी त्या उत्तरालाही उत्तर. ग्रंथपालाच्या दृष्टीने हे पुस्तक विद्रूप करणे, आणि त्याचे म्हणणे चूक नाही. पण एकमेकांना कधी न भेटलेल्या, एका वर्तुळात न बसणाऱ्या वाचकांचा संवाद आपल्याकडे याखेरीज फारसा कुठे उरलेला नाही. पेठेच्या ओळखीची अट येथे नाही. वर्गणी भरली की झाले.

हल्ली जागेअभावी या प्रती निर्लेखित होऊन रद्दीत जातात. कादंबरीची नवी आवृत्ती मिळेल. ती चिठ्ठी आणि ते शेरे मिळणार नाहीत. प्रत बाद करण्यापूर्वी तारखांची चिठ्ठी आणि शेऱ्यांची पाने यांचे छायाचित्र काढून ठेवावे, दाखलअंकासह. खर्च जवळजवळ नाही. आपल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत असलेल्या वाचकाने पुढच्या सभेत एवढा एक ठराव मांडला, तरी मराठी कादंबरीच्या वाचकाला त्याच्या स्वतःच्या शब्दांत साक्ष देता येईल.