'लेखी देकार' : जीपीएल परवान्यातील मागणीच्या हक्काची समीक्षा

प्रस्तावना :

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे मूळ एका नाकारलेल्या मागणीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे मागितली. गुप्ततेच्या करारावर सही केल्याचे सांगून त्याने ती देण्यास नकार दिला. पुढे १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली आणि १९८९ मध्ये 'जनरल पब्लिक लायसन्स' अर्थात जीपीएल हा परवाना अस्तित्वात आला. ज्या मागणीला पूर्वी केवळ सौजन्याचा आधार होता, तिला या परवान्याने हक्काचे रूप दिले. हा हक्क सामान्य धारकाला कितपत बजावता येतो, याचा परवान्याच्या शब्दांच्या आधारे प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

कलमाची भाषा :

जून १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीचे तिसरे कलम या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. सॉफ्टवेअर केवळ यंत्राला कळणाऱ्या रूपात विकणाऱ्याने सोबत मूळ संहिता द्यावी, अन्यथा ती देण्याचा किमान तीन वर्षे वैध असणारा लेखी देकार द्यावा, असे हे कलम सांगते. हा देकार 'कोणाही तिऱ्हाइतासाठी' आहे. प्रत पोहोचविण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही. संहिता 'संपूर्ण' असावी आणि तीत सॉफ्टवेअर बांधण्याच्या व बसविण्याच्या आज्ञावल्याही असाव्यात, अशीही अट आहे. अपुरी संहिता देऊन बोळवण करणाऱ्या कंपनीला या एका विशेषणावर अडविता येते.

मात्र मागणी आल्यावर किती दिवसांत उत्तर द्यावे, याविषयी कलम मौन पाळते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ शी तुलना केल्यास ही उणीव ठळक होते. त्या कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे, पहिले व दुसरे अपील आहे. तो कायदा सार्वजनिक प्राधिकरणांपुरता आहे हे खरे. परंतु अर्जदाराने पुढे कोणाचे दार ठोठवावे, हे तो सांगतो. जीपीएल ते सांगत नाही. २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीने पहिल्यांदा चुकणाऱ्याला सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत चूक सुधारण्याची सवलत दिली. ही मुदत चुकणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, मागणाऱ्याच्या नव्हे. शिवाय 'कोणाही तिऱ्हाइता'ची जागा 'ज्याच्याजवळ यंत्रसंहिता आहे अशा कोणाही'ने घेतली. मागणाऱ्यांचे वर्तुळ येथे आवळले गेले, याकडे फारसे लक्ष वेधले जात नाही.

मागणारा कोण?

परवाना मोडला गेल्यास न्यायालयात सहसा स्वामित्वहक्काचा धारक जातो. संहिता ज्याला मिळायची तो ग्राहक प्रेक्षकच राहतो. या समजाला फ्रान्समध्ये तडा गेला. प्रौढांना व्यवसाय शिक्षण देणाऱ्या 'आफ्पा' या संस्थेला 'एज्यु-फोर' या पुरवठादाराने जीपीएलखालील सॉफ्टवेअर मूळ संहितेशिवाय दिले होते. पॅरिसच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये ग्राहक संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. अमेरिकेत 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी'ने २०२१ मध्ये दूरचित्रवाणी संच विकणाऱ्या व्हिझिओ कंपनीवर खरेदीदार या नात्यानेच दावा लावला. या दोन्ही ठिकाणी मागणारी एकटी व्यक्ती नव्हती, संस्था होती.

हक्क कागदावर असणे आणि तो हाती येणे यांतील अंतर गडचिरोली जिल्ह्याला परिचित आहे. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट समावेश केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागे आणि परवान्याचे पुस्तक वनविभागाकडे होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या व्याख्येत बांबू तेव्हा वृक्ष होता. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले २७ एप्रिल २०११ रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत. मधल्या काळात कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता. बदल घडला तो कायदा स्वतः वाचणाऱ्या आणि एकमताने निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेच्या पाठपुराव्यामुळे. गावातील अभ्यासगटाची परंपरा येथे कामी आली.

वनहक्क कायद्याने ग्रामसभेला प्राधिकार म्हणून मान्यता दिली आहे. जीपीएलच्या मजकुरात अशी कोणतीही सभा नाही. तेथे एक विक्रेता आणि एक धारक समोरासमोर उभे असतात. परवाना सामूहिक हिताचा आणि मागणी एकट्याची, हा या मसुद्याचा मूलभूत दोष म्हणावा लागेल.

मोबाइल आणि मागणीची मर्यादा :

अँड्रॉइड मोबाइलचा गाभा असलेले लिनक्स कर्नल आजही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्यामुळे धानोऱ्याच्या दुकानातून असा मोबाइल घेणाराही ती संहिता मागू शकतो. अँड्रॉइडचा वरचा बराचसा भाग मात्र अपाचे परवान्याखाली येतो. कंपनीने त्यात केलेले बदल उघड करण्याचे बंधन त्या परवान्यात नाही. कळफलक, अक्षरे, पडद्यावरील शब्द या गोष्टी बहुतांशी याच भागात असतात. मसराम गोंडी लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तथापि विशिष्ट कंपनीच्या मोबाइलवर ती नीट दिसत नसेल, तर जीपीएलचे कलम गोंडी भाषकाच्या उपयोगी पडेलच असे नाही.

मग गाभ्याच्या संहितेचा लाभ कोणता? कंपनीने अद्यतने थांबविलेला मोबाइल स्वयंसेवकांना नव्या प्रणालीवर चालविता येतो, तो बहुधा या संहितेमुळे. ती एकाने मिळविली तरी इतरांना वाटण्याची मुभा परवाना देतो. त्यामुळे प्रत्येकाने मागणी करण्याची गरज नाही. गावात, महाविद्यालयात, तालुक्यात कोणी एकाने करावी लागते. त्याला प्रथम मोबाइलच्या सेटिंग्जमधील 'कायदेशीर माहिती' या पानावरचा लांबलचक इंग्रजी मजकूर वाचावा लागतो. परवान्याचे मराठी भाषांतर करता येते. मात्र फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन कोणत्याही भाषांतराला अधिकृत मानत नाही. कायदेशीर पाठ इंग्रजीच राहतो. मेंढ्याच्या अभ्यासगटाने चर्चेला घेतलेला कायदा निदान मराठीत उपलब्ध होता.